चार कारागिरांची खुर्ची

फ्रान्समधील जुन्या लाकूडकामावरचे एक सचित्र पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे. इतिहासाच्या तासाला चौदाव्या लुईचे नाव ऐकले होते, म्हणून ते उघडले. माझे वडील सुतारकाम करतात. त्यामुळे माझी नजर प्रथम खुर्च्यांच्या पायांवर गेली.

चौदाव्या लुईच्या काळी व्हर्सायच्या राजवाड्यात कोणी कशावर बसावे, याचे कडक नियम होते. राजासमोर डचेसला पाठ नसलेले स्टूल मिळे आणि तोही मोठा मान समजला जाई. बाकीच्यांनी उभे राहायचे. खुर्च्याही त्या दरबाराला साजेशाच होत्या : उंच, ताठ पाठीच्या, आणि पाय आडव्या पट्ट्यांनी एकमेकांशी जखडलेले.

१ सप्टेंबर १७१५ रोजी हा राजा वारला. गादीवर आला तो त्याचा पाच वर्षांचा पणतू. १७२३ पर्यंत ऑर्लेआंचा ड्यूक फिलिप याने त्याच्या वतीने, मुख्यतः पॅरिसमधून, कारभार पाहिला. सरदार मंडळीही शहरातील घरांत रमू लागली. तेथील दालने लहान होती आणि गप्पागोष्टींना महत्त्व आले होते. या काळात खुर्चीची पाठ हळूहळू बुटकी झाली. पायांना इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. स्त्रियांच्या घेरदार झग्यांना जागा मिळावी म्हणून हातांचे आधार मागे सरकले. बैठकीच्या पुढच्या पट्टीवर मधोमध शिंपला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पाने कोरलेली दिसू लागली. हीच रोकोको शैलीची सुरुवात होय. दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवण्याची हौस पुढे १७३० नंतर वाढली.

पायांमधल्या आडव्या पट्ट्याही याच काळात नाहीशा होत गेल्या. मग भार कोण पेलत असेल? मी पुस्तक घरी नेऊन वडिलांना चित्र दाखवले. ते म्हणाले, "बैठकीखालची चौकट बघ, कोपऱ्याचा सांधा बघ. सगळा जोर तिथं आहे. आणि असला वाकडा पाय जाड ठोकळ्यातनंच काढावा लागतो, लाकूड फार वाया जातं." वडिलांना वाचता येत नाही.

अशी एक खुर्ची चार कारागिरांच्या हातांखालून जाई. सुतार सांगाडा करी, दुसरा कोरीव काम करी, तिसरा सोन्याचा वर्ख चढवी आणि चौथा गादी भरून कापड ताणून बसवी. मुलाम्याखाली झाकायचे लाकूड बहुधा बीचचे असे. उघडे ठेवायचे असल्यास अक्रोडाचे. पॅरिसच्या सुतारांच्या संघाने १७४३ च्या नियमांनुसार उस्तादाने आपल्या नावाचा ठसा मारणे आवश्यक केले. त्यामुळे आधीच्या बहुतेक खुर्च्यांवर कोणाचेच नाव नाही. नंतरच्या खुर्च्यांवर आहे ते सुताराचे. ज्याच्या शिंपल्यापानांनी ही शैली ओळखली जाते, त्या कोरणाऱ्याचे नाव तेव्हाही नाही.

परीक्षेत मी 'पंधराव्या लुईची शैली' असेच लिहीन, कारण पुस्तकात तसे आहे. पण तो लुई गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचा होता, हेही त्याच उत्तरात लिहिणार आहे.