छत्रीला चेंडू लागला तेव्हा

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी टीव्ही केबलवरून किंवा इंटरनेटवरून येतो. पूर्वी इथे घरमालक केबलचे पैसे भाड्याच्या जोडखर्चात धरत. मग तुम्ही टीव्ही बघा किंवा बघू नका. १ जुलै २०२४ पासून ते बंद झाले. तेव्हापासून आपल्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत पालकांपैकी कोणी ना कोणी मला विचारते, "डिश लावू का हो?" लावणे फारसे अवघड नाही. पण एके दिवशी चित्र चौकटी-चौकटींचे होऊन थिजते, तेव्हा काय करायचे हे दुकानदार सांगत नाही. आमच्या घरी तो प्रसंग आला, तेव्हा मी सगळे चुकीच्या क्रमाने केले. इंजिनिअर असूनही केले. तीच हकीकत आजच्या पाठात सांगतो.

आधी शब्द पाहू. जर्मन लोक डिशला 'शुसेल' म्हणतात, म्हणजे मोठा वाडगा. आपल्याकडे तिला 'छत्री' म्हणतात. वाऱ्याने छत्री उलटी झाली की तिचा वाडगाच होतो, तेव्हा दोन्ही नावे बरोबर. गणितात तिच्या वळणाला अन्वस्त म्हणतात. तुमच्या शाळेतली 'पाराबेल' ती हीच. अन्वस्ताचा गुण असा, की समोरून समांतर येणाऱ्या लहरी त्यावर आपटून एकाच बिंदूत जमतात. त्या बिंदूला नाभी म्हणतात. नाभीपाशी दांडीवर जो मुठीएवढा डबा दिसतो, तो एलएनबी. लहरी पकडून, त्यांची वारंवारता उतरवून, तो त्या केबलमधून घरात पाठवतो.

या लहरी येतात कुठून? विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, काही उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतात. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ते एका जागी खिळल्यासारखे असतात. त्यांना भूस्थिर उपग्रह म्हणतात. जर्मनीतल्या बहुतेक छत्र्या १९.२ अंश पूर्व रेखांशावरच्या आस्ट्रा उपग्रहांकडे वळलेल्या असतात. त्या जागेवरचा पहिला, आस्ट्रा १ए, डिसेंबर १९८८ मध्ये आकाशात गेला. फ्रांकफुर्टहून पाहिले तर ती जागा दक्षिणेच्या थोडी पूर्वेला, होकायंत्राच्या १६६ अंशांवर आणि क्षितिजापासून साधारण ३२ अंश वर येते. हा ३२ चा आकडा ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता हकीकत. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही नव्या घरात, पहिल्या मजल्यावर, राहायला आलो. बाल्कनीच्या कठड्याला मी ८० सेंटिमीटरची छत्री लावली. जानेवारी ते एप्रिल चित्र काचेसारखे स्वच्छ होते. मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी काही वाहिन्या अडखळू लागल्या. आवाज तुटायचा, चित्राच्या चौकटी व्हायच्या. मी विचारले, "छत्रीला कोणी हात लावला का?" आमची धाकटी तेव्हा पाचवीत होती. तिने लगेच कबूल केले, "बाबा, दुपारी माझा चेंडू लागला. पण हळूच लागला."

झाले! माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला. गुन्हा कबूल, गुन्हेगार समोर. मी तिला बरेच बोललो. बाल्कनीत चेंडू बंद, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या टाशनगेल्डमधून, असे जाहीर केले. ती रडली नाही, पण जेवायला आली नाही.

मग मी पाना घेऊन छत्रीचे बोल्ट सैल केले. ही पहिली मोठी चूक. छत्री हलवण्यापूर्वी खांबावर आणि पकडीवर पेन्सिलची एक आडवी आणि एक उभी खूण करायची असते. मी केली नाही. ८० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर फार अरुंद असते, जेमतेम दोन अंशांची. एक-दीड अंश इकडे तिकडे झाले की चित्र जाते. दहा मिनिटांत ज्या वाहिन्या दिसत होत्या त्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शोधयंत्र आणले. ते एलएनबीच्या केबलमध्ये जोडायचे, छत्री हळूहळू फिरवायची, लहरी सापडल्या की ते शिट्टी वाजवते. शिट्टी जोरात वाजली, मी विजयाने बोल्ट आवळले, आणि आत येऊन पाहतो तर आमची एकही वाहिनी लागेना. पुन्हा शोध घ्यायला लावला तर इटालियन आणि अरबी वाहिन्यांची रांग! मी छत्री १३ अंश पूर्वेच्या हॉट बर्डकडे वळवून बसलो होतो. तो आस्ट्राच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर आहे. साधे शोधयंत्र 'कोणीतरी आहे' एवढेच सांगते, कोण आहे ते सांगत नाही. म्हणून टीव्हीच्या पडद्यावरचे दोन आकडे पाहायचे असतात: एक श्टेर्के, म्हणजे जोर, आणि दुसरा क्वालिटेट, म्हणजे गुणवत्ता. जोर भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल, तर बहुधा तुम्ही भलत्याच उपग्रहाच्या दारात उभे आहात.

तिसऱ्या दिवशी आस्ट्रा सापडला. जोर ठीक, गुणवत्ता मात्र रविवारएवढीच कमी. म्हणजे दोन दिवस खपून मी पुन्हा मूळ बिघाडाशी येऊन पोचलो होतो. तरी मला शहाणपण आले नाही. चेंडूच्या धक्क्याने एलएनबी बिघडला असणार, असे ठरवून मी नवा आणला. फरक शून्य.

त्याच रात्री धाकटीने आजोबांना फोन लावला. तिचे आजोबा नारायणगावला असतात. त्यांच्या गच्चीवर दूरदर्शनची फ्री डिश आहे आणि ते रोज सह्याद्री वाहिनी पाहतात. शिवाय नारायणगावच्या माणसाला मोठ्या छत्र्यांचे कौतुक नाही. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, काही खोडदला तर काही लांब आसपासच्या गावांत पसरलेल्या. आजोबांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "छत्रीला पोचा किती खोल पडलाय?" तिने बोट फिरवून सांगितले, "दोन मिलिमीटर असेल." आजोबा हसले. "अगं, आमच्या खोडदच्या छत्र्या तर नुसत्या तारेच्या जाळीच्या आहेत, भोकांच्या!"

यातले विज्ञान असे. लहर ज्या पृष्ठावर आपटते त्यावरचे भोक किंवा पोचा तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल, तर लहरीला तो जाणवत नाही. खोडदला ज्या रेडिओलहरी पकडतात त्यांची लांबी काही डेसिमीटरपासून मीटरपर्यंत असते, म्हणून एक-दोन सेंटिमीटर भोकांची जाळी तिथे चालते. आपल्या टीव्हीच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या. त्यांना जाळी बारीक लागते, पण दोन मिलिमीटरचा एक पोचा त्यांनाही फारसा अडवत नाही. म्हणजे चेंडूवरचा निम्मा आरोप नारायणगावहूनच निकालात निघाला.

आजोबांचा दुसरा प्रश्न, "तुमची छत्री बघते कुठे? माझी तर आकाशाकडे तोंड करून असते." धाकटी म्हणाली, "आमची समोरच्या घराकडे बघते." आणि ती थांबली.

मुलांनो, इथे छत्री फसवते. आपल्याकडच्या छत्र्यांत नाभी मधोमध नसून खालच्या बाजूला असते. त्यामुळे छत्री जवळजवळ उभी दिसते. वाटते की ती सरळ समोर पाहते आहे. खरी नजर ३२ अंश वर असते. मी रविवारी छत्रीमागे उभा राहून समोर पाहिले होते. अंगण मोकळे, अडथळा नाही, असे म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला होता. वर पाहिलेच नव्हते.

धाकटीने दप्तरातून गेओड्रायएक काढले. त्याच्या लांब कडेच्या मध्यावर, जिथे शून्य असते तिथे, दोरा चिकटवला आणि दोऱ्याला एक नट बांधला. लांब कड आडवी धरली की दोरा ९० वर लटकतो. कड वर उचलून तिच्या रेषेत आकाशाकडे पाहिले, की दोरा ९० पासून जेवढा सरकतो तेवढे अंश आपण वर पाहतो आहोत. ती छत्रीशेजारी उभी राहिली, मी होकायंत्र धरून १६६ अंशांची दिशा दाखवली, तिने दोरा ९० पासून ३२ सरकेपर्यंत कड उचलली.

"बाबा, कास्टानिये!"

अंगणातल्या चेस्टनटचा शेंडा बरोबर त्या रेषेत होता. जानेवारीत त्याच्या काड्या उघड्या होत्या, लहरी मधून निघून येत होत्या. एप्रिलच्या शेवटी पालवी फुटली, मेमध्ये पाने पंजाएवढी झाली. पानांत पाणी असते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून रोज थोडी थोडी गुणवत्ता घटत होती. ज्या वाहिन्यांच्या लहरी मुळात दुबळ्या त्या आधी अडखळल्या. चेंडू नेमका त्याच रविवारी लागला, एवढाच त्याचा दोष.

मी तिची माफी मागितली. टाशनगेल्ड परत केले, आणि नव्या एलएनबीचा खर्च माझ्या खात्यात लिहिला, तिच्यासमोर.

झाड तोडण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक शहरांत मोठ्या झाडांना नियमाने संरक्षण असते, आणि चेस्टनट सुंदर होता. आम्ही छत्री बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला नेली. भिंतीला भोक न पाडता, फरशीच्या लाद्यांनी दाबलेल्या पायावर उभी केली. तिथून रेषा शेंड्याच्या बाजूने मोकळी जाते.

पालकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. छत्री लावण्याआधी घरमालकाला लेखी विचारा. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने एका तुर्की भाडेकरूच्या प्रकरणात म्हटले, की परदेशी माणसाला मायदेशाच्या वाहिन्या पाहाव्याशा वाटणे हा माहिती मिळवण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि निकाल देताना तो तोलला पाहिजे. याचा अर्थ सरसकट परवानगी असा नव्हे. तेच कार्यक्रम इंटरनेटवर मिळतात का, हेही आता न्यायालये पाहतात.

बाकीचे बिघाड थोडक्यात. जोराचा पाऊस असताना चित्र गेले आणि पाऊस सरताच आले, तर काही करू नका. ते पाणीच लहरी अडवते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चित्र नीट नसेल, तर पाणी केबलच्या जोडात शिरले आहे. जोड उघडला की आतली तांब्याची तार काळवंडलेली दिसते. तेवढा तुकडा कापून नवा जोड बसवायचा, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. भाड्याच्या घरात आपण खिडकीच्या फटीतून जी चपटी केबल आत घेतो, ती तर माझी पहिली संशयित. रोज खिडकी उघडून-मिटून ती आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. ती वगळून, खिडकी उघडी ठेवून, लांब केबल थेट जोडून पाहा. दोन मिनिटांत निकाल.

एकदम निम्म्या वाहिन्या गेल्या तर छत्री हलवू नका. तुमचा डबा एलएनबीला केबलमधूनच वीज पाठवतो: उभ्या लहरींसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. एक प्रकार पूर्ण गायब असेल, तर दोष बहुधा डबा, जोड किंवा एलएनबी यांच्यात आहे, आकाशात नाही.

ठरावीक एक-दोनच वाहिन्या जात असतील, तर वजाबाकी करा. एलएनबी वरच्या पट्ट्यातल्या वारंवारतेतून १०,६०० मेगाहर्ट्झ वजा करतो. २००० नंतरच्या दशकात इथे अनेक घरांत प्रोझीबेन आणि साट आइन्स मध्येच थिजत. त्यांची वारंवारता होती १२,४८०. वजाबाकी येते १,८८०. आणि घरातला बिनतारी डेक्ट फोन चालतो १,८८० ते १,९०० वर! फोनचा तळ टीव्हीपासून दूर नेला आणि चांगल्या आवरणाची केबल घातली की दोघांचे भांडण मिटत असे.

धाकटीचा एक प्रश्न राहिला होता. आजोबांची सह्याद्री आपल्या छत्रीवर का येत नाही? खूप मोठी छत्री घेतली तर? फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नारायणगावहून तो ५८ अंश उंच दिसतो. फ्रांकफुर्ट ८.७ अंशांवर, म्हणजे फरक जवळपास ८५ अंश. अगदी विषुववृत्तावर उभे राहिलो तरी ८१ अंशांपलीकडचा उपग्रह क्षितिजाखाली जातो, आणि आपण तर उत्तरेला आहोत. मध्ये पृथ्वीच आडवी आली आहे. खोडदची छत्री उचलून आणली तरी उपयोग नाही. ती म्हणाली, "मग आजोबांनाच आणू या," आणि आम्ही दिवाळीनंतर ते खरेच केले.

एक प्रयोग तुम्हीही करून पाहा, आईबाबांना सोबत घेऊन. कठड्यावर वाकायचे नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, काही दिवस सूर्य नेमका आस्ट्राच्या मागून जातो. फ्रांकफुर्टच्या आसपास ही वेळ मार्चात पावणेबाराच्या जरा नंतर आणि ऑक्टोबरात साडेबाराच्या जरा आधी येते. तेव्हा छत्रीवर ऊन असेल तर वाट मोकळी. झाडाची सावली असेल तर झाड वाटेत. सूर्यही रेडिओलहरी फेकतो, त्यामुळे त्या काही मिनिटांत गुणवत्तेचा आकडा घसरतो. आम्ही ऑक्टोबरात केले. मी बाल्कनीत सावली पाहत होतो, धाकटी आतून आकडे वाचत होती. "पंचाऐंशी... ऐंशी... बाबा, सत्तर!" मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पाना आतच ठेवला होता.