दम, जिद्द आणि जेवणाचे ताट

शालेय क्रीडास्पर्धांतील एक दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सकाळच्या दोन कबड्डी सामन्यांत चमकलेला मुलगा दुपारच्या अंतिम सामन्यात पाय ओढू लागतो. आठशे मीटर धावणारी मुलगी रोज सराव करूनही शेवटच्या वळणावर धापा टाकीत मागे पडते. मग कडेला उभे असलेले आपण चटकन म्हणतो, “जिद्दच नाही.” हे वाक्य आम्हीही अनेकदा ऐकले आहे आणि प्रांजळपणे सांगायचे तर उच्चारलेही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या वाक्याचीच तपासणी करणार आहोत. शरीरक्रियाशास्त्राने गेल्या साठ वर्षांत सिद्ध केलेल्या काही गोष्टी पाहिल्या म्हणजे असा निवाडा देण्याची आपली घाई कमी होईल, अशी आम्हांस आशा वाटते.

प्रथम थकव्याचा विचार करू. आपण खाल्लेल्या भाकरी, भात, पोहे, केळी, गूळ यांतील कर्बोदकांचा काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साठविला जातो. वेगवान आणि दीर्घ श्रमासाठी स्नायू मुख्यतः हाच साठा वापरतात. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन या संशोधकांनी १९६६ साली यासंबंधीचा एक प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलयंत्राच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने, तो पूर्ण थकेपर्यंत पॅडल मारले. दुसरा पाय विश्रांतीतच राहिला. पोकळ सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून पाहिला, तेव्हा थकलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले होते आणि विश्रांतीतील पायात ते शाबूत होते. माणूस एकच, मन एकच, जिद्दही एकच. तरी एक पाय थकला आणि दुसरा थकला नाही. पुढे तीन दिवस भरपूर कर्बोदकांचा आहार घेतल्यावर श्रम केलेल्या पायातील साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. श्रमानंतर मिळालेले अन्न स्नायू किती आतुरतेने साठवून ठेवतो, हे त्यातून दिसले.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, याच गटाने नऊ जणांना तीन वेगवेगळ्या आहारांनंतर सारख्याच कठीण श्रमाला लावले. नेहमीच्या मिश्र आहारानंतर ते सरासरी ११४ मिनिटे टिकले. कर्बोदके जवळजवळ वगळून केवळ स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने दिल्यावर ५७ मिनिटांतच थांबले. कर्बोदकांनी समृद्ध आहारानंतर मात्र १६७ मिनिटे श्रम करू शकले. ताट बदलले आणि त्याच माणसांचा दम जवळजवळ तिप्पट झाला.

यातून आपल्या कबड्डीपटूची उकल होऊ शकते. रात्रभराच्या उपासाने यकृतातील साठा बराच घटलेला असतो. अशा वेळी मुलगा पहाटे एक कप चहा आणि दोन बिस्किटांवर घराबाहेर पडला, दोन सामने खेळला आणि मधल्या वेळी काहीच खाल्ले नाही, तर दुपारी त्याच्या स्नायूंजवळ खर्चण्यासारखे फारसे उरत नाही. पूर्ण रिकामा झालेला साठा भरण्यास पुरेसे अन्न मिळूनही साधारणतः एक दिवस लागतो. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्रीचे पोटभर जेवण, सामन्याच्या दोन-तीन तास आधीची न्याहारी आणि सामना संपताच केळे किंवा गूळ-शेंगदाणे या गोष्टी सरावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्यांना फार पैसा लागत नाही. वेळेचे भान मात्र लागते.

आता आठशे मीटर धावणाऱ्या मुलीकडे वळू. रक्तातील हिमोग्लोबिन फुफ्फुसांतील प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेते आणि ते घडविण्यास लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणजे धावपट्टीवर उभ्या असलेल्या दहा मुलींपैकी सहा जणी कमी प्राणवायू घेऊन धावत असण्याची शक्यता आहे. याचा श्रमावर काय परिणाम होतो, हे श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात दिसून आले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोह देऊन ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले, त्यांनी महिनाभरात इतरांपेक्षा अधिक चहा खुडला. ज्यांचा रक्तक्षय अधिक तीव्र होता, त्यांच्यात सुधारणाही अधिक झाली. त्या स्त्रिया आळशी नव्हत्या, त्यांच्या रक्तात लोह कमी होते. आपल्यापैकी अनेकांच्या आया आणि आज्या शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबल्या. त्यांच्या थकव्याला कोणी कधी मोजले नाही, ही आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही.

उपाय आपल्या आवाक्यातील आहेत. शाळांतून आठवड्यास एकदा मिळणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी मुलींनी आणि मुलांनीही टाळू नये. जंतनाशक गोळीही वेळेवर घ्यावी. पालेभाज्या व कडधान्ये यांबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ल्यास लोह अधिक शोषले जाते; जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि तोवर सरावाचा भार वाढवू नये.

पालकांस एका मोहापासून सावध करणे आम्ही आवश्यक समजतो. स्नायू बळकट करणाऱ्या महागड्या भुकटीचे डबे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून विकत घेतलेली ६३४ पूरक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतील ९४ उत्पादनांत वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टिरॉइड द्रव्ये सापडली. २०२४ साली हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही स्नायूवाढीसाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असे सांगितले आहे. वरण, उसळ, अंडी, दूध, सोयाबीन आणि शेंगदाणे यांतून वाढत्या वयाच्या खेळाडूची प्रथिनांची गरज भागू शकते. डब्यावर खर्च होणारे पैसे घरच्या जेवणावर खर्च करणे अधिक हिताचे होय.

मनाच्या बळाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. रिकाम्या पोटी शिकून पुढे गेलेल्या पिढ्यांचा वारसा आपल्याजवळ आहे आणि त्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु आपण उपाशी राहून जिंकलो, म्हणून मुलांनीही तसेच जिंकावे, असा आग्रह धरणे न्याय्य नाही. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या खेळाडूंसाठी काही करावयाचे मनात आणल्यास ढाली आणि चषक यांच्याआधी वर्षारंभीची हिमोग्लोबिन तपासणी आणि पहाटेच्या सरावाआधीचे केळे यांचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि यापुढे एखादे मूल मैदानात मागे पडताना दिसले, तर त्याला काही ऐकविण्यापूर्वी आपण जवळ जाऊन एवढेच विचारावे, “बाळा, सकाळपासून काय खाल्लेस?”