फाईल पुसली, तरी जागा सुटेना

आमच्या ऑफिसातल्या ओपनसूसेच्या संगणकावर रूट भरत आलं, तेव्हा सहकाऱ्याने व्हर्च्युअल मशीनची ६० जीबीची फाईल उडवली. डीएफचा आकडा जागचा हलला नाही. मग त्याने जुन्या आयएसओ काढून टाकल्या, तरी आकडा तोच.

रूटवर बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम होती आणि स्नॅपशॉट असले की तिच्यावर हे होणारच. स्नॅपशॉट घेताना फाइलींची प्रत निघत नाही, म्हणून तो क्षणात होतो. पण त्या घटकेला जे ब्लॉक वापरात असतात, ते तो धरून ठेवतो. मूळ फाईल पुसली आणि एका जरी स्नॅपशॉटमध्ये ती उरली असली, तर जागा सुटत नाही. ओपनसूसेत झिपरने काही बसवलं की स्नॅपर आधी एक आणि नंतर एक स्नॅपशॉट घेतो. होम वेगळं सबव्हॉल्यूम असल्याने ते यातून वगळलं जातं. आमची फाईल मात्र रूटखालच्या साध्या फोल्डरात होती.

तेव्हा जागा संपली की फाइली पुसत सुटू नका. आधी 'स्नॅपर लिस्ट' पाहा. नको असलेली फाईल ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे, ते सगळे काढावे लागतात. एखाददुसरा काढून भागत नाही. काढल्यावरही धीर धरा. कमांड लगेच संपते, खरी सफाई कर्नल मागाहून करत राहतो. 'बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक' दिलं की ती कधी पूर्ण झाली ते कळतं.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. डीएफमध्ये मोकळी जागा दिसते आणि तरी 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो. ही फाईल सिस्टीम डिस्कचे मोठे तुकडे पाडते, डेटाचे वेगळे आणि मेटाडेटाचे वेगळे. डेटाचा तुकडा साधारण १ जीबीचा. अर्धवट भरलेल्या अशा तुकड्यांनी सगळी डिस्क व्यापली, की मेटाडेटाला नवा तुकडा मिळत नाही. मग पुसणंही अडतं, कारण पुसण्याची नोंदसुद्धा मेटाडेटातच होते. म्हणून 'बीटीआरएफएस फाईलसिस्टीम यूसेज' चालवून अनअ‍ॅलोकेटेडची ओळ वाचा. ती शून्याजवळ असेल तर बॅलन्स करून अर्धवट तुकडे एकत्र करा, पण सरसकट नको. त्यात अख्खी डिस्क नव्याने लिहिली जाते. किती टक्क्यांपर्यंत भरलेले तुकडे घ्यायचे ते डीयूसेज ठरवतं; ते ० पासून सुरू करा, मग ५, मग १०, असं चढत जा.

बॅलन्सलाही जागा नसेल, तर बाहेरची यूएसबी डिस्क 'डिव्हाइस अ‍ॅड'ने तात्पुरती जोडता येते. नंतर 'डिव्हाइस रिमूव्ह' पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नका. कोणी रॅमडिस्क जोडायला सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि ती गेली तर फाईल सिस्टीमही जाईल.

सफाई चालू असताना मशीन जवळजवळ गोठलं होतं, त्याचं कारण कोटा. तो चालू असला की प्रत्येक ब्लॉक कोणाकोणाच्या वाट्याचा आहे याचा हिशेब होत राहतो आणि भरपूर स्नॅपशॉट असले की तो फार जड जातो. कोटा बंद केल्यावर काम पुढे सरकलं. मात्र मग स्नॅपरला व्यापलेली जागा मोजून छाटणी करता येत नाही. त्याच्या कॉन्फिगमधलं नंबर लिमिट आपणच खाली आणायचं.

ती व्हर्च्युअल मशीन पूर्वीपासूनच रखडत चालायची. प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला गेल्याने तिच्या फाइलीच्या चिंधड्या झाल्या होत्या. अशा वेळी डीफ्रॅगचा मोह होतो, पण जपून. डीफ्रॅग केलेल्या फाइलीचं स्नॅपशॉटशी असलेलं सामाईकपण तुटतं आणि भरलेली डिस्क आणखी भरते. त्यापेक्षा अशा फाइलींना वेगळं सबव्हॉल्यूम द्या. वरच्या स्नॅपशॉटमध्ये ते येत नाही. ते रिकामं असतानाच त्यावर 'सीएचअ‍ॅटर प्लस सी' लावा, कारण आधीच भरलेल्या फाइलीवर त्याचा भरवसा नाही. याने बदल नव्या जागी लिहिणं थांबतं, पण चेकसमही बंद होतो आणि बिघाड झाला तरी फाईल सिस्टीम तो ओळखू शकत नाही, म्हणून त्या फाइलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर नियमाने काढत राहा.