दोघांचा खेळ : एक छोटासा अभ्यास

यंदाच्या वार्षिक अंकासाठी व्हिडिओ गेमवर लेख लिहिणार आहे, असे मी सांगितले तेव्हा एका सरांनी चष्मा काढला आणि विचारले, “मराठी विभागातून?” प्रश्न रास्त होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या विषयाशी माझा संबंध एवढाच होता की, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर गोळीबार चालू असे आणि आत मी भाकऱ्या थापीत असे. परंतु जो विषय घरात रोज भांडण लावतो, तो अभ्यासाला वर्ज्य का मानावा?

लग्नानंतर मी खडवलीला आले. यजमानांची नोकरी ठाण्याला. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल मुळातच थोड्या. एक चुकली की घरी यायला रात्रीचे साडेनऊ. सकाळी पुन्हा त्यांची गाडी आणि माझे कॉलेज. म्हणजे नवरा-बायकोला एकमेकांसाठी दिवसातून जेमतेम दोन तास, आणि त्यांतला तास-सव्वा तास कंट्रोलरच्या वाट्याला जाई. एकदा मी रागाने म्हटले, “अहो, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्या डबड्याशी?” त्यावर हे म्हणाले, “मग तूही खेळ ना!” मी आव्हान स्वीकारले आणि पहिल्याच आठवड्यात आमची भांडणे दुप्पट झाली. ती का वाढली आणि पुढे कशी ओसरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

पती-पत्नीने एकत्र खेळणे ही काही आजची टूम नव्हे. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. आपल्या खंडोबाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. म्हाळसेशी मांडलेल्या सारीपाटात देव हरले, बारा वर्षांचा वनवास पत्करून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहिले. लोकपरंपरा म्हणते की ते मुद्दाम हरले. म्हणजे जोडीच्या खेळात कोण हरले यापेक्षा का हरले, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. याच पटाचे सुटसुटीत रूप इंग्लंडात १८९६ मध्ये ‘लुडो’ या नावाने पेटंट झाले. पुढे नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये ते ‘लुडो किंग’ म्हणून मोबाइलवर आणले, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी त्याच सोंगट्या पुन्हा धावू लागल्या. आमच्या सासूबाई, ज्या लहानपणी कवड्या टाकून पट खेळल्या, त्या आज मोबाइलवर नातवंडांच्या सोंगट्या निर्दयपणे मारतात.

पडद्यावरचा खेळही आरंभी एकट्याचा नव्हता, हे वाचून मला आश्चर्य वाटले. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर पाहुण्यांसाठी एक खेळ तयार केला. त्याचे नावच ‘टेनिस फॉर टू’, अर्थात दोघांचे टेनिस. १९७२ मध्ये अटारी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘पाँग’ला दोन फिरक्या होत्या आणि खेळायला दोन माणसे लागत. समोरचा खेळाडू यंत्राने व्हावे आणि माणसाने एकटे खेळावे, ही रीत नंतर रूढ झाली. तेव्हा बायकोने शेजारी बसून खेळावे, ही मागणी खेळाच्या मूळ स्वभावाला धरूनच आहे!

अडचण नेमकी कोठे?

यजमानांनी प्रथम मला त्यांचा आवडता खेळ दिला. त्यात डाव्या अंगठ्याने चालायचे आणि उजव्या अंगठ्याने मान वळवायची. ऐकायला सोपे, पण माझे पात्र कधी भिंतीला नाक लावून उभे राही, कधी आकाशाकडे पाहत विहिरीत पडे. “अगं, सोपं आहे गं,” असे हे वारंवार म्हणत. ज्याला लिहिता-वाचता येते त्याला अक्षर दिसतच नाही, थेट शब्द दिसतो. आणि ज्याला येत नाही त्याला नुसत्या रेघा दिसतात. ह्यांना अंगठ्यांची ती लिपी शाळकरी वयापासून येत होती. मी मुळाक्षरे गिरवीत होते, आणि परीक्षा मात्र निबंधाची!

परंतु खरी अडचण याहून वेगळी होती. मी तिसऱ्यांदा पडले की हे हात पुढे करून म्हणत, “दे इकडे.” दोन मिनिटांत अवघड जागा पार होई आणि कंट्रोलर परत माझ्या हाती येई. मदतच ती, पण दर वेळी मला वाटे, मी नसते तर हा खेळ अधिक वेगाने झाला असता. आपली गरज नाही हे ज्या खेळात क्षणोक्षणी कळते, त्यात मन कसे रमावे?

तीन प्रयोग

पावसाळ्यात रविवारी भातसा नदीवर मुंबईची इतकी गर्दी लोटते की आम्ही खडवलीकर घराबाहेर पडत नाही. त्या रविवारी आम्ही तीन खेळ करून पाहिले.

पहिला ‘ओव्हरकुक्ड’ (२०१६). हा स्वयंपाकघराचा खेळ. कांदे चिरायचे, सूप शिजवायचे, ताटल्या विसळायच्या, आणि हे सर्व घड्याळाच्या धाकात. पातेले विसरले की आग लागते. येथे मान वळवावी लागत नाही, सारे स्वयंपाकघर एकदम दिसते आणि बटणेही मोजकीच. मला तो अर्ध्या तासात जमला. जमला म्हणजे इतका, की “कांदा द्या! कांदा कुठाय? अहो, ताटली!” असा माझा आवाज शेजारी जाऊ लागला. आणि एका क्षणी माझ्याच तोंडून निघाले, “सरका, मी करते.” मी चपापले. म्हणजे ‘दे इकडे’ हा ह्यांचा स्वभावदोष नव्हता. ज्याला अधिक येते त्याला जडणारा तो रोग आहे, आणि घाईने तो बळावतो.

दुसरा ‘इट टेक्स टू’. स्वीडनच्या हेझलाइट या संस्थेचा, जोसेफ फारेस यांच्या दिग्दर्शनाखाली २०२१ मध्ये आलेला आणि त्या वर्षीचा ‘द गेम अवॉर्ड्स’चा सर्वोत्कृष्ट खेळ ठरलेला. तो एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे कोडी आणि मे हे जोडपे मुलीच्या आसवांनी बाहुल्या बनते आणि परत माणूस होण्यासाठी त्यांना एकत्र धडपडावे लागते. प्रारंभी एकाला खिळे मिळतात, दुसरीला हातोडी. त्याने भिंतीत खिळा मारला तरच तिला हातोडी अडकवून झोका घेता येतो. पडले तरी जोडीदार जिवंत असेतो लगेच परत येता येते. यात उड्या आणि दोन अंगठ्यांची कसरत आहेच. एका फळीवर माझे तीन रविवार गेले. पण हे ‘दे इकडे’ म्हणू शकले नाहीत, कारण ह्यांचे हात ह्यांच्याच खिळ्यांत गुंतलेले! ते पलीकडे उभे राहून वाट पाहत. लग्नानंतर माझी इतकी वाट त्यांनी प्रथमच पाहिली असावी.

तिसरा ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ (२०१५), आणि आमच्या घरात यशस्वी झाला तो हाच. पडद्यावर एक बाँब असतो, तो फक्त एकाने पाहायचा. तो निकामी करण्याची २३ पानांची पुस्तिका कागदावर छापून दुसऱ्याच्या हाती द्यायची. बाँब पाहणाऱ्याला पुस्तिका दिसत नाही, पुस्तिकावाल्याला बाँब दिसत नाही. सारा खेळ बोलण्यावर. तारा तीन असतील आणि त्यांत तांबडी एकही नसेल तर दुसरी कापायची, अशा प्रकारचे नियम इंग्रजीतून वाचून मी मराठीत सांगे. “दुसरी म्हणजे वरून की खालून?” हे ओरडत आणि घड्याळ टिकटिकत राही. एका भागात तर उच्चार एकच आणि लेखन निराळे असे इंग्रजी शब्द येतात. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना सारखेच वाटतात, ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल, तसेच ते. ह्यांनी नुसता शब्द उच्चारून चालेना. “अहो, अक्षरं सांगा, अक्षरं!” असे मी म्हणे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक बाँब फोडू शकते, हे आमच्या व्याकरणाच्या सरांना कळले तर ते हा खेळ अभ्यासक्रमात लावतील!

या खेळात मी कंट्रोलरला हातही लावीत नव्हते, तरी माझ्यावाचून एक तार कापली जात नव्हती.

निष्कर्ष

या अनुभवावरून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, जोडीदार नवखा असेल तर खेळ त्याच्या ओळखीच्या कामाचा निवडावा : रांधणे, वाचणे, कोडे सोडविणे. दुसरी, दोन अंगठ्यांची कसरत आरंभी टाळावी; ती अक्षरओळख आहे, तिला महिने लागतात. तिसरी, दोघांकडे निरनिराळी कामे असावीत, म्हणजे तुलना होत नाही आणि हिसकावणे शक्य राहत नाही. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट खेळ विकत घेऊन मिळत नाही : ज्याला येते त्याने हात आवरावा. खंडोबासारखे मुद्दाम हरण्याचीही गरज नाही. नवख्याला ते लगेच कळते आणि त्याचा अपमान होतो. थांबणे पुरेसे आहे.

आमचे सर्व प्रश्न सुटले असे नाही. परीक्षा जवळ आली की हे कानाला हेडफोन लावून एकटेच खेळतात, मी अभ्यास करते, आणि तेही ठीकच आहे. पण एरवी टिटवाळा सुटले की ह्यांचा फोन येतो. पूर्वी त्यावर “जेवण झालं का?” एवढेच असे. आता पुष्कळदा असते, “पुस्तिका काढून ठेव. काल तू मला तिसरी तार कापायला लावलीस, ती चूक तुझी होती.”

चूक त्यांची होती. त्यांनी खालून मोजले होते.