अठरा पूर्ण झाली, आता पुढे?

प्रश्न : मी बालगृहात वाढले. पुढच्या महिन्यात १८ वर्षं पूर्ण होतील. बारावी अजून व्हायचीय. आता सगळी मदत बंद होणार का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाबरू नकोस. अठराव्या वर्षी मदत संपते, हा गैरसमज आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये पुढच्या आधाराची तरतूद आहे. २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, अनुरक्षणगृहात राहता येतं. किंवा बाहेर राहिलीस तर ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. मात्र हे आपोआप होत नाही. अधीक्षकांमार्फत बाल कल्याण समितीकडे आत्ताच अर्ज कर. आधार, शाळेचा दाखला, पासबुक मागून घे. पात्र असशील तर अनाथ प्रमाणपत्र काढ. त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. ही कागदपत्रं हातात आल्याशिवाय बालगृह सोडू नकोस.