नवी वस्तू बाजारात कशी आणावी?

विद्यार्थिमित्रहो, नवी वस्तू निर्माण करणे जितके कठीण, तितकेच ती लोकांच्या पसंतीस उतरविणेही कठीण असते. जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, तिच्यासाठी लोकांनी पैसे का मोजावेत? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका उद्योगी पुरुषाच्या चरित्रात सापडते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चलच्चित्राचा शोध परदेशात लागला होता. तथापि ती कला या देशात रुजवून तिला गिऱ्हाईक मिळविण्याचा मार्ग फाळके यांनाच शोधावा लागला.

पहिली अडचण द्रव्याची. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली विलायतेस गेले व कॅमेरा घेऊन परतले. पुढील भांडवलासाठी त्यांनी नुसत्या शब्दांवर भिस्त ठेवली नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची त्यांनी महिनाभराहून अधिक काळ चित्रे घेतली. महिन्याची ती वाढ सुमारे एका मिनिटात पडद्यावर दिसली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी काही जण कर्ज देण्यास तयार झाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या कामी लागले.

दुसरा प्रश्न विषयाचा. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून फाळके यांना या कलेचा ध्यास लागला होता. आपल्या लोकांसाठी मात्र त्यांनी घरोघरी ठाऊक असलेली हरिश्चंद्राची कथा निवडली. कला अपरिचित, म्हणून कथा परिचित! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा मूकपट लोकांपुढे आला.

तिसरा प्रश्न किमतीचा. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणारा प्रेक्षक दीड तासाच्या खेळाला तीन आणे का देईल? फाळके यांनी दर उतरविला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी त्यांनी जाहिरात केली. गिऱ्हाइकास समजेल अशा मापाने त्यांनी मालाचे मोल सांगितले.

चौथा प्रश्न भागीदारांचा, आणि येथे मात्र घोडे पेंड खाते. १९१८ साली नाशकात भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भांडवल मिळाले, पण खर्च व कारभार यांवरून मतभेद वाढले. फाळके कंपनी सोडून काशीस गेले. पुढे ते परतले, तरी पूर्वीचे वैभव परतले नाही. १९४४ साली नाशकातच त्यांचे देहावसान झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

यास्तव, मित्रहो, उद्या तुमच्या हातून एखादे नवे यंत्र वा नवी वस्तू घडली, तर प्रथम लहानसा नमुना करून दाखवा; लोकांच्या ओळखीच्या वाटेने ती त्यांच्यापर्यंत न्या; तिचे मोल त्यांच्या भाषेत सांगा. आणि दुसऱ्याचे द्रव्य स्वीकारण्यापूर्वी कोणाचा अधिकार कोठवर, हे कागदावर लिहून घ्या. पहिल्या तीन गोष्टी फाळके यांच्या यशापासून शिकाव्यात. चौथी त्यांनी सोसलेल्या दुःखापासून.