शह बसण्याआधीची चाल : आपलं युनिट, आपली सुरक्षितता



मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्या एका गटाच्या मसाला युनिटमध्ये एका ताईंचा पदर मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला. शेजारच्या ताईंनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून मानेला नुसता ओरखडा आला. ताई पाणी प्यायल्या, सगळ्या "देवाची कृपा" म्हणाल्या आणि दहा मिनिटांत मशीन परत सुरू. ऑर्डर होती ना! त्या महिन्याच्या इतिवृत्तात याबद्दल एक ओळही नाही. मला तीन आठवड्यांनी, तेही चहा पिता पिता कळलं.

यात माझीही चूक आहे, ती आधी सांगते. पट्ट्यावरची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली मी आधीच्या भेटीतच पाहिली होती. तरी भेटवहीत मी लिहून आले, "युनिट सुरळीत सुरू आहे."

मग सुरक्षिततेवर प्रशिक्षण घ्यायचं ठरलं. पण भित्तीपत्रक वाचून दाखवलं की सगळ्या माना डोलावतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. म्हणून या वेळी मी बुद्धिबळाचा पट घेऊन गेले. सुरुवातीला हसू झालं. "मॅडम, हा तर रिकामटेकड्यांचा खेळ!" पण नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव बऱ्याच जणींनी टीव्हीवर ऐकलेलं होतं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशात झालेला महिलांचा विश्वचषक तिने १९ व्या वर्षी जिंकला. अंतिम फेरीत समोर होत्या आंध्रच्या कोनेरू हम्पी, जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेत्या झालेल्या. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग कमी वेळेचे डाव झाले आणि त्यात घड्याळातला वेळ संपत आला असताना हम्पींकडून चूक झाली. एवढ्या अनुभवी बाईंकडून घाईत चूक होते, तर दिवाळीच्या ऑर्डरच्या घाईत आपल्याकडून का नाही होणार?

आता पटाकडे या. राजा कोपऱ्याजवळ बसलाय. त्याच्या पुढच्या तिन्ही घरांत त्याचीच तीन प्यादी उभी आहेत. बघितलं तर किती सुरक्षित वाटतं! पण समोरचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत येतो आणि शह देतो. शह अडवायला मध्ये कोणी नाही. राजाला पुढे पळायचंय, तर वाट त्याच्याच प्याद्यांनी अडवलेली. डाव संपला. नवीन शिकणारे या पद्धतीने बऱ्याचदा हरतात. यावर उपाय एकदम सोपा आहे. सगळं शांत असताना त्यातलं एक प्यादं एक घर पुढे सरकवून ठेवायचं, म्हणजे राजाला खिडकी मिळते. त्या वेळी ही चाल वाया गेल्यासारखी वाटते. पण शह बसल्यावर ती खेळायला वेळच नसतो.

एवढं सांगून मी विचारलं, आपल्या युनिटला मागचं दार आहे का? आहे. मग ते उघडतं का? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दाराला मिरचीची पोती लावलेली होती, सहा महिन्यांपासून. पुढच्या दारापाशी मीटर आणि मेन स्विच. म्हणजे शॉर्टसर्किट होऊन आग लागली तर ती पुढच्याच दारात, आणि मागची वाट आपल्याच मालाने अडवलेली. मला "राजा कोण, पोती कोण" हे समजावून सांगावंच लागलं नाही. त्याच दिवशी जेवणाच्या आधी पोती हलवली आणि कडीला तेल घातलं.

पटावरची दुसरी गोष्ट म्हणजे जोर. ज्या सोंगटीच्या मागे आपली दुसरी सोंगटी उभी आहे, तिला जोर आहे असं म्हणतात. बिनजोर सोंगटी पहिली मारली जाते. पहाटे पाचला लाइट येते म्हणून एकटी बाई जाऊन डाळीची मशीन लावते, ती बिनजोर आहे. मघाच्या प्रसंगात शेजारी दुसरी ताई होती आणि तिला स्विच कुठे आहे ते माहीत होतं. तेवढ्यावर सगळं निभावलं. त्यामुळे मशीन चालू असताना आत दोघी हव्यात आणि दोघींनाही मेन स्विच डोळे मिटून सापडला पाहिजे. "रोज दुसरी कोण मोकळी असते?" हा प्रश्न रास्त आहे. पण वेळापत्रक लावणं हे अध्यक्ष-सचिवांचंच काम आहे. दुसरी बाई नसेल, तर त्या दिवशी मशीन नाही.

स्पर्धेत हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. म्हणून शिकवणारे मुलांना सांगतात, विचार होईपर्यंत हात मांडीखाली ठेवा. मशीनमध्ये माल अडकला की आपला हात आधी जातो आणि डोकं मागून येतं. आधी मेन स्विच बंद करायचा, पट्टा पूर्ण थांबू द्यायचा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचा आणि मगच हात घालायचा. फ्यूज स्वतःजवळ अशासाठी की, "अगं लाइट गेली वाटतं" म्हणत बाहेरची कोणीतरी स्विच चालू करते. बांगड्या, मंगळसूत्र, सुटी वेणी, ओढणी यांबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत लिहीत नाही. पदर खोचून त्यावर ॲप्रन घाला, एवढंच.

पण एका ठिकाणी हा खेळ आपल्या कामाचा नाही. पटावर खेळणारा एकटाच विचार करतो, सोंगट्यांना तोंड नसतं. शिवाय डाव जिंकण्यासाठी तो प्यादं मुद्दाम मारूही देतो. आपल्याकडे बळी द्यायला कोणी नाही. आणि पट्ट्याचा आवाज बदललाय हे आधी कळतं ते तिथे रोज उभ्या राहणाऱ्या ताईला, हिशोब बघणाऱ्या अध्यक्षांना नाही. म्हणून नियम असा करा की, कोणीही ताई "मशीन बंद करा" म्हणाली तर मशीन आधी बंद होईल आणि "का" ते मग विचारलं जाईल. ती चुकली तरी तिला बोल लावायचा नाही. एकदा जरी कोणी म्हणालं की "हिच्यामुळे अर्धा तास गेला," तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल. अध्यक्षांचं पुढारपण इथेच दिसतं असं मला वाटतं.

शेवटचं नोंदीचं. स्पर्धेत खेळाडूला प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. डाव संपल्यावर कितीतरी वेळा हरलेला आणि जिंकलेला दोघं मिळून तोच डाव परत मांडतात, कुठे चुकलं ते शोधतात. आपल्या पंचसूत्रीत हिशोबाची नोंद आहेच, त्यात एक वही वाढवा. नाव द्या "थोडक्यात वाचलो". इजा झालेली नसली तरी लिहायचं : तारीख, काय झालं, काय बदललं. कोणाच्या चुकीने झालं, हे लिहायचं नाही. मासिक बैठकीत कर्जाच्या विषयाआधी दहा मिनिटं ती वही वाचा. कर्जाचा विषय निघाला की पुढे काही होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

विम्याचंही बघून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख मिळतात. खात्यात शिल्लक नसल्यामुळे हप्ता कापला गेला नसेल तर विमा बंद पडतो, म्हणून पासबुकात मे-जूनची नोंद तपासा.

पुढच्या बैठकीत एवढ्यावर बोला : आपल्या युनिटचं कोणतं दार आपल्याच मालाने अडलंय? कोणती ताई कोणत्या वेळी एकटी असते? पट्ट्यावरची जाळी जागेवर आहे का, नसेल तर कोणी काढली यापेक्षा का काढावी लागली? त्या मसाला युनिटमध्ये जाळी लावली की पट्टा घट्ट करायला हात जात नव्हता, म्हणून ती काढलेली होती. गावातल्या वेल्डरने तिला बिजागरी आणि कडी बसवून दिली. आता जाळी उघडते, बंद होते आणि जागेवरच राहते.